वेदनेचा आकडा

शेवंता काळेंनी वेदना मोजणाऱ्या यंत्राच्या पट्टीवर तळहात ठेवला. वृत्तपत्र तक्रार मंडळाच्या गोगटे मॅडमनी पेपरात छापून आलेल्या लेखातलं वाक्य मोठ्यानं वाचलं, "पारधी जन्मतःच चोर असतात." पडद्यावर आकडा आला, नऊ.

"वेदना चाळीसच्या खाली असली तर तक्रार घेता येत नाही," मॅडम ओशाळून म्हणाल्या. "तुम्हाला सवय झालीय, बाई."

"लहानपणापासून हेच ऐकतेय. पण लेख तर खोटाच आहे ना?"

"नियम आहे. मी काय करू?"

"मग मी ठेवते हात," सोबत आलेली पायल म्हणाली. शेवंताबाईंची ही लेक अकरावीत होती. लेख छापून आला त्या दिवशीही ती हसत कॉलेजला गेली होती. "पेपर वाचतं कोण, आई!" म्हणाली होती.

मॅडमनी वाक्य पुन्हा वाचलं. पायलचा चेहरा जरासुद्धा हलला नाही. आकडा मात्र चढत चढत सत्त्याण्णववर थांबला.

"तक्रार दाखल झाली," मॅडम हळूच म्हणाल्या.

शेवंताबाईंनी लेकीचा हात पट्टीवरून उचलून आपल्या हातांत घट्ट धरला.

"कधीपासून गं?"

पायल खाली बघत म्हणाली, "दुसरीत होते तेव्हापासून."