अ‍ॅडमिन मिलिंदराव

“अहो, दहा वाजले, अजून आंघोळीला गरम पाणी नाही,” वैजूताई नवऱ्याच्या कानाशी पुटपुटल्या.

घर चालवणाऱ्या संगणकाला रोज सकाळी अ‍ॅडमिनची परवानगी लागे, आणि अ‍ॅडमिन होते मिलिंदराव. समोर तेच आहेत ना, याची खात्री करायला संगणकाने आज विचारलं, “तुमच्या लग्नाच्या पंगतीत गोड काय होतं?”

मिलिंदरावांनी इकडेतिकडे पाहिलं. समोरून सुनेने नुसते ओठ हलवून ‘अननसाचा शिरा’ सुचवलं. महिनाभर घरातले सगळे अशीच उत्तरं पुरवत होते, आणि वर दोष संगणकाला देत होते.

“बिघडलाय मेला!” वैजूताई घाईने म्हणाल्या.

मिलिंदराव सुनेकडे बघून हसले. मग त्यांनी बायकोचा हात धरला.

“तो ठणठणीत आहे गं. मलाच आता आठवत नाही. ऐक रे घरा, यापुढे हिलाच विचारत जा.”