दोन्हीचं एक

ज्ञानूनं खोक्यातनं ते यंत्र बाहेर काढलं तेव्हा पारूला वाटलं, भावानं मस्कतवरनं वेल्डिंग करणाऱ्याचा चष्माच आणला. लालभडक, विटेएवढा जाड, आणि खाली दोन पाय.

"चष्मा न्हवं आक्का, व्हिडिओ गेम हाय," ज्ञानू म्हणाला. "आमच्या पोराला घेतलाय. डोकं दुखतंय म्हणून तिकडं कुणी घेईना, मला स्वस्तात मिळाला. ह्यात डोळं घालायचं. टीव्ही बिव्ही काय लागत न्हाई. माणूस थेट खेळाच्या आत!"

"आन् भाईर कसं यायचं?" पारूनं विचारलं.

तिचा नवरा दादासो हसला, पण हसायचं म्हणून हसला. पैंजणाच्या कड्या जोडायचं काम बाजूला सारून त्यानं जागा करून दिली. बायकोचा भाऊ दोन वर्षांनी हुपरीत आलेला, त्याला नाही कसं म्हणायचं? पण डोळ्यांचा विषय निघाला की अलीकडं दादासो काहीतरी काम काढून उठायचा. त्याचा डावा डोळा दिवाळीपासून गेला होता. पार गेला होता. वरनं बघितलं तर अगदी उजव्यासारखा, म्हणून कुणाला पत्ता नव्हता, आणि त्यानं तो लागू दिला नव्हता. पारूलासुद्धा नाही. ती रडली असती. आणि काम देणाऱ्या शेठच्या कानावर गेलं असतं तर घरात येणारी चांदी दुसऱ्या दिवशी बंद झाली असती. त्यात हा ज्ञानू! माणूस लाखमोलाचा, पण तोंडात तीळ भिजायचा नाही. त्याला कळलं म्हणजे सगळ्या हुपरीला कळलं.

आधी पारू बसली. "दोन-दोन दिसतंय की रं सगळं," ती आतनंच ओरडली.

"दिसणारच. दोन डोळ्यांस्नी दोन येगळी चित्रं हायत आत. वरचं चाक फिरव. दोन्हीचं एक झालं की मग बघ गंमत."

तिनं चाक फिरवलं. पुढं, मागं, पुन्हा जरासं पुढं. मग "अगं बया!" म्हणून असं डोकं मागं घेतलं की अंबाडाच सुटला. "चेंडू थेट नाकावर आला रं माझ्या!" पन्नाशीची बाई, पण पोरीसारखी खिदळली. दादासो बघतच राहिला. किती दिवसांनी ती अशी हसत होती. त्याला बरं वाटलं आणि भीतीही वाटली, कारण आता पाळी त्याची होती.

"मला नगं ह्ये पोरांचं खेळ," तो म्हणाला.

"बसा वो दाजी. नव्या नवरीगत लाजताय काय?" ज्ञानूनं त्याला धरून बसवलंच. चाक पार एका टोकाला फिरवून ठेवलं. "परत्येकाचं डोळं येगळं. तुमचं तुमी जुळवा."

दादासोनं तोंड आत घातलं. डावीकडं अंधार. उजवीकडं लाल रेघांचं मैदान, जाळी, चेंडू, सगळं पत्र्यावर रंगवल्यासारखं. चेंडू लांब आहे की जवळ, काही कळेना. पण चित्र एकच होतं, स्वच्छ होतं. त्याला हायसं वाटलं. हे तर सोपं निघालं!

"हां, दिसतंय की. एकदम झ्याक."

"चाक फिरवा की आधी."

"कशाला? मला पयल्यापासनं एकच दिसतंय."

ज्ञानूचं हसू थांबलं. "असं कसं हुईल दाजी? मी मुद्दाम बिघडवून ठेवलंय. दोन्ही डोळ्यांनी बघणाऱ्याला दोनच दिसणार."

यंत्रातनं तोंड बाहेर काढायचं दादासोला धाडस होईना.

"मी फिरवलं चाक," पारू म्हणाली.

"कवा?"

"आत्ताच. तुझं ध्यान कुठं हुतं? तीस वर्सं संसार केलाय, ह्यांचं माप मला ठावं न्हाई व्हय? जा, कोपऱ्यावरनं दूध घेऊन ये, चहा टाकते. म्हशीचं आण, पाणी घातलेलं नगं."

ज्ञानू कुरकुरत गेला. दादासोनं तोंड बाहेर काढलं. पारू पदराला हात पुसत होती, आणि हात तर कोरडेच होते. चाकाला तिनं बोटसुद्धा लावलं नव्हतं.

"तुला कवा कळलं?" त्यानं विचारलं.

"चहाची बशी पुढं केली की तुमी बशीच्या अलीकडंच हवेत हात घालाय लागला. संक्रांतीपासनं बशी मी तुमच्या हातातच देते न्हवं?"

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमी बोलताय का, वाट बघत हुते." तिनं सुटलेला अंबाडा ओढून बांधला. "एकट्यानंच सोसायचं ठरवलं हुतं व्हय? सोमवारी कोल्हापूरला जायचं, डोळ्याच्या डॉक्टराकडं. ऱ्हायलेला डोळा माझा बी हाय."

दादासोनं पालथ्या हातानं डोळे पुसले. बायको रडेल म्हणून एवढं लपवलं, आणि आता रडत होता तो स्वतःच. पण छातीवरचा धोंडा कुणीतरी उचलल्यासारखं त्याला मोकळं वाटलं.

पारू यंत्रापुढं बसली. त्याच्याकडं बघत तिनं डावा डोळा गच्च मिटला आणि तोंड आत घातलं. चेंडू येत असणार, जात असणार. या वेळी ती ओरडली नाही, मागंही सरली नाही.

"काय कळतच न्हाई वो," बऱ्याच वेळानं ती म्हणाली. "लांब हाय का जवळ."

"न्हाई कळत."

ती तशीच बसून राहिली.

"पारू, उघड की आता डोळा. दुखंल."

"थांबा वो," आतनं आवाज आला. "तुमी एवढं दिवस बघितलंसा, मला जरा बघू द्या."