यंत्रापुरती हवा

लोखंडाच्या भट्टीमागे वस्ती होती. तिथे शिवणकाम करणाऱ्या ताईने पालिकेच्या ऑफिसात खेटे घालून घालून चौकात हवा मोजायचं यंत्र बसवून घेतलं. पहिल्याच दिवशी त्याचा फलक लाल झाला आणि लालच राहिला, तशी भट्टीला नोटीस गेली. मग रोज सकाळी पालिकेचा टँकर येऊ लागला. तो नेमका यंत्राभोवती पाण्याचा फवारा मारायचा, गल्ल्यांकडे ढुंकूनही बघायचा नाही. फलक हिरवा झाला. वस्तीची हवा सुधारली असं जाहीर झालं आणि भट्टीला दिलेली नोटीस मागे घेतली गेली.

ताईच्या वडिलांचा दमा मात्र वाढतच चालला होता. एका सकाळी तिने त्यांना हाताला धरून आणलं आणि थेट यंत्राखाली खुर्ची टाकून बसवलं.

"आजोबांना इथून हलवा, फवारा मारायचाय," टँकरबरोबर आलेले साहेब म्हणाले.

"अख्ख्या वस्तीत तुम्ही एवढीच हवा धुता, साहेब. त्यांनी दुसरीकडे कुठे श्वास घ्यायचा ते सांगा, मी खुर्ची उचलते."

साहेबांनी टँकरवाल्याला थांबायची खूण केली. तोवर शेजारीण तान्ह्या बाळाला घेऊन आली, मग वस्तीतले खोकणारे सगळेच येऊन बसले. टँकर तसाच परत गेला. दुपारपर्यंत फलक लालभडक झाला.

"तुमच्या गर्दीने आकडा बिघडवला," परत आलेले साहेब चिडून म्हणाले.

वडिलांनी कशीबशी धाप आवरली. "माझ्या छातीशी तो आज जुळलाय, साहेब."