पाणी शून्य

न्हावऱ्याच्या एका डेअरीतल्या कॉम्प्युटरचं कर्नल, म्हणजे आतली मूळ प्रणाली, अपडेट झालं आणि दुसऱ्या दिवसापासून दूध तपासणारा सेन्सर ज्याच्या त्याच्या दुधात पाणी दाखवू लागला. दुरुस्तीला दौंडहून विनोद आला. एकाच सेन्सरवर तो चालवणारे दोन प्रोग्राम, जुना आणि नवा ड्रायव्हर, भांडत होते. त्याने जुना काढून टाकला.

रांगेत पहिले हौसराव आप्पा होते. मशीनने दाखवलं, पाणी शून्य.

"आप्पा, तुमचं दूध आधीबी चांगलंच होतं. चूक मशीनची होती," विनोद म्हणाला.

"मशीनला कशाला नावं ठेवतो?" आप्पा हसले. "काल बायकोला बदडली, म्हणून आज पाणी न्हाई घातलं तिनं."

 

मागे रांगेत उभा असलेला माऊली म्हणाला, "व्हय. काल घरोघरी हेच झालंय. मग आज समद्या रांगेचंच शून्य येनार."