चाळिसाव्या घरावरचं शून्य

"उद्या तुझ्या पाहणीतली पाच-सहा घरं मी स्वतः फिरून बघणार आहे," मार्गदर्शक घैसास सर शलाकाला म्हणाले. सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर पदवीसाठी तिने टेकडीवरच्या एका वस्तीत क्षयरोगाची पाहणी केली होती. एकोणचाळीस घरांत तिने नीट बसून चौकशी केली. चाळिसावं अगदी टेकडीच्या टोकाला होतं. तिथे तिने तीनदा कडी वाजवली, कुणी आलं नाही. मग फॉर्मवर 'खोकला नाही' लिहून आणि भिंतीवर खडूने शून्य काढून, म्हणजे इथे रुग्ण नाही, ती उन्हातून खाली उतरली होती.

आता ती धापा टाकत पुन्हा टेकडी चढली. दाराला कुलूप असू दे, म्हणजे उद्या सरांनाही कुणी भेटणार नाही, एवढंच मनात घोकत होती. सर नापास करतील, दोन वर्षं पाण्यात जातील, एवढीच तिला भीती होती.

कुलूप नव्हतं. कडी वाजवल्यावर आतून खोकल्याची उबळ आली, मग पाय ओढल्याचा आवाज. बऱ्याच वेळाने दार उघडलं. चौकट धरून एक बाई उभी होती, नुसता हाडांचा सापळा. तिच्या पदराआड लहानगी पोर खोकत होती.

"आज थांबलात, बरं झालं ताई," बाई म्हणाली. "मागच्या महिन्यात मी दारापर्यंत पोचेस्तोवर तुम्ही गेलात. नंतर आरोग्य केंद्राच्या आशाताई थुंकी तपासायला न्यायच्या डब्या घेऊन आल्या होत्या. भिंतीवरचं शून्य बघून बाहेरूनच परत फिरल्या."