अडकलेला कत्तलखाना

दुष्काळात कडबा संपला, तेव्हा लीलाबाई तेल्हाऱ्याकडच्या खेड्यातून आपली बकरी घेऊन शहरात गुलफाम खाटकाच्या दाराशी आली. त्याचं दुकान बंद होतं. पालिकेनं जुना कत्तलखाना पाडला होता आणि नव्याचं कंत्राट कोर्टात अडकलं होतं. तोवर दुसरीकडे हलाल करणं गुन्हा होता. "मावशी, सुरी धरली तर मले जेल होते," गुलफाम म्हणाला. "मंग मी काय करू? माह्या डोळ्यांसमोर उपाशी मरून राहिली ते," म्हणत तिनं दावं त्याच्या हातात कोंबलं आणि ती मागं न पाहता चालती झाली. बकरी मटकन बसली. गुलफामनं तिला उचलून घरात नेलं. त्याच्या बायकोनं, नगमानं, आपल्या ताटातली भाकर कुस्करून तिच्यापुढे ठेवली. सकाळी दार उघडलं, तर गुलफामनं लीलाबाईची बकरी ठेवून घेतल्याचं ऐकून तिच्या गावच्या बाया आपापल्या बकऱ्या घेऊन बाहेर उभ्या होत्या.