गुडघ्याची साक्ष

"घसरून पडलो, साहेब," माजी सैनिक हणमंत शेलार लष्करी वैद्यकीय मंडळापुढे पुन्हा तेच म्हणाला. याच उत्तरापायी गुडघ्याच्या अपंगत्वाचा त्याचा दावा दोनदा फेटाळला गेला होता. साक्षीला आलेल्या हवालदार जगदाळ्यांना राहवेना.

"खोटं बोलतोय! याचा गुडघा मी फोडला. तोफगोळ्याने बंकर पेटला होता, आत आमच्या तुकडीतला भैरू जळत होता, किंचाळत होता, आणि हा वेडा आगीत शिरत होता. रायफलच्या दस्त्याने दोन घाव घातले. वाटीचा चुरा झाला, तेव्हा थांबला."

डॉक्टरांनी 'सेवेमुळे' असा शेरा लिहिला. जगदाळ्यांना हायसे वाटले.

हणमंत मात्र दाराकडे पाहत राहिला. त्याला आधार देत इथवर आलेली भैरूची आई तिथे उभी होती.

"हणमा, तो झोपेतच गेला म्हणाला होतास ना रे?"